वेदनेच्या चाचणीत माप रुग्णाच्या हाती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेदनाशामक औषधांच्या चाचण्यांचा विषय निघाला की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, 'आम्ही काय प्रयोगशाळेतले उंदीर आहोत?' दुसऱ्याला वाटते, नवे औषध सगळ्यांच्या आधी आणि तेही फुकट मिळणार. दोघांच्याही डोळ्यांसमोर सहभागी माणूस म्हणजे गोळी गिळणारा, एवढेच चित्र असते. रक्तदाबाच्या चाचणीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. दंडाला पट्टा गुंडाळला की आकडा यंत्र देते. वेदनेचा आकडा देणारे यंत्र मात्र अजून निघालेले नाही. एमआरआयमध्ये मणक्याची चकती सरकलेली दिसते, पण तशी चकती घेऊन काहीही न दुखता हिंडणारी माणसे पुष्कळ आहेत. म्हणून या संशोधनात रुग्ण हाच काटा आणि रुग्ण हेच वजन. हा काटा हलला तर चांगले औषध नापास होते किंवा कुचकामी औषध पास होते. चाचणीत प्रत्यक्ष काय करावे लागते आणि गाडी कुठे अडते, याबद्दल फारसे छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

सर्वांत रुळलेले माप म्हणजे ० ते १०. ० म्हणजे वेदना अजिबात नाही, १० म्हणजे कल्पनेत येईल तितकी भयंकर. काही अभ्यासांत १०० मिलिमीटरची आडवी रेघ देतात, तिच्यावर रुग्णाने खूण करायची आणि ती डाव्या टोकापासून किती मिलिमीटरवर पडली ते पट्टीने मोजायचे. (या कागदाची झेरॉक्स काढू नये म्हणतात ते उगाच नव्हे, प्रतीत रेघ किंचित लांब किंवा आखूड होते आणि सगळे माप चुकते.) मापात समजायला अवघड काही नाही. घोळ होतो प्रश्न वाचण्यात. 'आत्ता किती दुखते', 'गेल्या २४ तासांत सरासरी किती दुखले' आणि 'गेल्या २४ तासांत जास्तीत जास्त किती दुखले' हे तीन निराळे प्रश्न आहेत. सकाळी उठताना गुडघा ८ वर, दुपारी खुर्चीत बसल्यावर २ वर, आणि रात्री डायरी भरण्याआधी जिना चढून आल्यामुळे ७ वर. 'सरासरी'च्या चौकटीत तो ताजा ७ जाऊन बसतो. दिवसातला सर्वांत वाईट क्षण आणि अगदी शेवटचा क्षण, एवढेच स्मरणात ठळक राहते आणि मधले निवांत तास निसटून जातात. त्यामुळे डायरी रोज ठरल्या वेळी भरायची, शक्यतो एकाच तऱ्हेच्या वेळी, आणि लिहिण्यापूर्वी दिवस सकाळपासून मनात एकदा फिरवून पाहायचा. कालचा आकडा मागे उलटून बघायचा नाही. 'काल ६ लिहिले होते, आज ५ लिहू या' हा हिशेब झाला, मोजमाप नव्हे.

दुसरी गल्लत त्रास आणि तीव्रता यांची. झोप झाली नाही, घरी कटकट झाली, की दिवसच वाईट जातो आणि १० पैकी ९ लिहिले जातात. झोप, चालणे, काम आणि मनःस्थिती यांत वेदनेने किती अडथळा आणला, यासाठी प्रश्नावलीत वेगळे प्रश्न असतात. तो भार तिथे टाकावा. तीव्रतेच्या आकड्यात फक्त तीव्रता.

आता शब्दांविषयी. गळू ठुसठुसते, दाढ ठणकते, काटा सलतो, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, कमरेत चमक निघते, तळपायांची आग होते, बोटांना झिणझिण्या येतात. मराठीतले हे वेगवेगळे शब्द वैद्यकीय दृष्ट्याही निरनिराळे आहेत. मज्जातंतूची वेदना ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीत १० बाबी असतात: आग होणे, गारठ्यासारखे दुखणे, विजेचा झटका बसल्यागत होणे, मुंग्या, टाचण्या टोचल्यासारखे वाटणे, बधिरपणा, खाज आणि तीन गोष्टी तपासणीतल्या. १० पैकी ४ किंवा जास्त जुळल्या तर मज्जातंतूच्या वेदनेची शक्यता धरतात. रुग्ण नुसते 'फार दुखते हो' म्हणाला आणि लिहून घेणाऱ्याने 'दुखणे' एवढेच टिपले, तर मज्जातंतूच्या औषधाच्या चाचणीत सांधेदुखीचा माणूस शिरतो. त्याला गुण येत नाही आणि अपयश औषधाच्या नावावर जमा होते. प्रश्नावलीचे भाषांतर करताना ते पुन्हा मूळ भाषेत उलटून पाहतात, रुग्णांवर वाचून पाहतात. तरीही एखादा शब्द अडला तर अडला म्हणून सांगावे. अंदाजाने खूण करू नये.

डायरीच्या खरेपणाविषयी २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. दीर्घकाळ वेदना असलेल्या ८० प्रौढांपैकी काहींना कागदी डायरी दिली, काहींना वेळ झाली की सूचना देणारी इलेक्ट्रॉनिक. कागदी डायरीच्या फाइलमध्ये उजेड ओळखणारा सेन्सर दडवला होता, त्यामुळे फाइल कधी उघडली हे कळत होते. कागदावर पाहिले तर ९० टक्के नोंदी वेळेवर. सेन्सरप्रमाणे वेळेवर भरलेल्या नोंदी होत्या ११ टक्के. ३२ टक्के दिवशी तर फाइल उघडलीच गेली नव्हती, तरी त्या दिवसांचे रकाने नीट भरलेले होते. इलेक्ट्रॉनिक डायरीत वेळेवर भरलेल्या नोंदींचे प्रमाण ९४ टक्के निघाले. या माणसांना लबाड म्हणण्यात अर्थ नाही. तपासणीला निघण्यापूर्वी राहिलेले रकाने भरून टाकणे हा मनुष्यस्वभाव आहे. पण भरलेल्या खोट्या रकान्यापेक्षा कोरा रकाना कितीतरी उपयोगाचा. कोऱ्या रकान्याचे काय करायचे, याची पद्धत संख्याशास्त्रात आहे. मागाहून रचलेला ५ मात्र खऱ्या ५ सारखाच दिसतो आणि तो वेगळा काढायचा कुठलाच मार्ग उरत नाही.

प्रवेशाच्या वेळची चूक याहून महाग पडते. गोळी सुरू होण्यापूर्वी साधारण ७ दिवस रोजचा आकडा घेतात आणि सरासरी ठरावीक पातळीच्या वर, बहुधा ४ किंवा त्याहून अधिक, असेल तरच आत घेतात. ही पातळी रुग्णाला सांगू नये असा संकेत आहे. तरी ती फुटते. कधी रुग्ण एकमेकांना सांगतात, कधी जागा भरण्याची घाई असलेला कर्मचारीच सुचवून जातो. मग ज्याची वेदना खरे तर ३ आहे तो ६ लिहून आत येतो. आत आल्यावर आकडा चढवण्याचे कारण उरत नाही. तो खरे ३ लिहू लागतो. कागदावर वेदना निम्मी झाली! असे लोक औषधाच्या गटातही असतात आणि प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीच्या गटातही, त्यामुळे दोन्ही गट सारखेच 'सुधारतात' आणि औषधाचा खरा परिणाम त्या गर्दीत बुडून जातो. दोन गटांमधला जो फरक शोधायचा तो मुळात लहान असतो. २००१ साली १० चाचण्यांतील २,७२४ रुग्णांच्या नोंदी एकत्र पाहून असे दिसले की सुमारे २ अंकांची किंवा ३० टक्क्यांची घट झाली तर रुग्ण स्वतःहून 'बराच फरक पडला' म्हणतो. दोन अंकांच्या शोधात निघालेल्या चाचणीला तीन अंकांची थाप झेपत नाही.

जुन्या औषधांचा प्रश्न डायरीइतका सोपा नाही, त्यात जिवाची जोखीम आहे. नवे औषध सुरू करण्याआधी आधीचे शरीरातून निघून जावे म्हणून काही दिवस ते बंद ठेवतात. हिशेब अर्धायुष्याचा असतो, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ. अशी पाच अर्धायुष्ये उलटली की मूळ प्रमाणाच्या ३ टक्क्यांच्या आसपास उरते. आयब्युप्रोफेनचे अर्धायुष्य सुमारे २ तास, म्हणून ते १० तासांत संपते. नॅप्रोक्सेनचे १२ ते १७ तास, म्हणून त्याला अडीच ते साडेतीन दिवस लागतात. या गोळ्या एकदम थांबवल्या तरी मूळ दुखणे परत येण्यापलीकडे सहसा काही होत नाही. प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन किंवा अफूवर्गातली औषधे मात्र अचानक तोडायची नसतात. प्रीगाबालिन किमान आठवडाभरात टप्प्याटप्प्याने उतरवतात. ड्युलोक्सेटिन एकदम सोडले तर चक्कर, मळमळ आणि डोक्यात झटके बसल्यासारखे होऊ शकते. अफूवर्गातले औषध तोडले की अंगदुखी, घाम, जुलाब आणि अस्वस्थता येते. पुष्कळदा हे औषध सुटल्याचे दुखणे मूळ आजाराच्या खात्यावर लिहिले जाते आणि सुरुवातीचा आकडा फुगतो. म्हणून 'आजपासून बंद करा' एवढेच कुणी सांगितले तर कोणते औषध, किती दिवसांत, कोणत्या क्रमाने आणि मध्ये फार दुखले तर काय, हे कागदावर मागून घ्यावे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे राखीव औषध. जवळजवळ प्रत्येक चाचणीत ते असते, बहुधा ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या मोजून दिलेल्या गोळ्या. दिवसाला जास्तीत जास्त किती, हे ठरलेले असते. निरोगी प्रौढाला एरवी २४ तासांत ४ ग्रॅम म्हणजे ८ गोळ्या ही वरची सीमा. चाचणीत ती बहुधा याहून खाली ठेवतात. तपासणीआधीच्या ठरावीक तासांत राखीव गोळी घ्यायची नसते, नाहीतर त्या दिवशीचा आकडा तिचा असतो, चाचणीतल्या औषधाचा नव्हे. राखीव गोळी घेणे म्हणजे चाचणीत नापास होणे, असा समज फार पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. किती गोळ्या लागल्या, हीच एक मोजली जाणारी गोष्ट आहे. गोळी हवी तेव्हा घ्यावी, वेळ लिहावी, आणि उरलेल्या गोळ्या डबीसकट परत आणाव्यात. तिथे त्या मोजल्या जातात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते या हिशेबात धरायचे राहून जाते आणि यकृताला ते कोणत्या नावाने आले याच्याशी देणेघेणे नसते.

घरातली एखादी वेदनाशामक गोळी गुपचूप घेतली तर काय बिघडते? टॅनेझुमॅबची हकिगत पाहा. सांध्यांच्या वेदनेवरचे हे इंजेक्शन वेदना खरोखर कमी करत होते. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजू लागले आणि २०१० साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी चाचण्या थांबवल्या. नोंदी तपासल्यावर दिसले की आयब्युप्रोफेनच्या वर्गातल्या गोळ्या जोडीने बरेच दिवस घेणाऱ्यांत हा धोका जास्त होता. पुढच्या चाचण्यांत त्या गोळ्यांवर मर्यादा घातली गेली, तरी सांध्यांचा प्रश्न सुटला नाही आणि २०२१ मध्ये या औषधाचा विकास सोडून देण्यात आला. सोबतच्या गोळ्या लोकांनी लपवल्या असत्या तर हा संबंध कळायला आणखी किती सांधे लागले असते, कोण जाणे. तेल, मलम, काढा, शेक, पट्टा, सगळे सांगावे.

प्लासिबोबद्दल लोकांना दोन भीती असतात: आपल्याला 'खोटी' गोळी मिळेल आणि तिने बरे वाटले तर आपले दुखणेही खोटे ठरेल. दुसरी भीती निराधार आहे. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगात प्लासिबोने मिळालेला आराम नॅलोक्सोनने, म्हणजे अफूवर्गातल्या औषधांचा परिणाम पुसणाऱ्या औषधाने, कमी झाला. शरीर स्वतःची वेदनाशामके सोडते, यासाठी हा मोठा पुरावा ठरला. पहिली भीती खरी आहे आणि तिचे उत्तर संमतीपत्रात असले पाहिजे: किती जणांपैकी किती जणांना प्लासिबो, किती आठवडे, आणि त्या काळात राखीव औषध कोणते. काही चाचण्यांची घडी उलटी असते. आधी सगळ्यांना औषध देतात, ज्यांना गुण येतो त्यांतल्या निम्म्यांचे पुढे गुपचूप बदलून प्लासिबो करतात आणि कोणाची वेदना परत येते ते पाहतात. 'मध्येच माझे औषध काढले जाईल का' हा प्रश्न म्हणूनच थेट विचारायचा. एका औषधाची गोळी आणि दुसऱ्याची कॅप्सूल असेल तर प्रत्येकाला दोन्ही देतात, एक खरी आणि एक पोकळ. ती फोडून चव बघणारे महाभाग प्रत्येक चाचणीत भेटतात! तोंड कोरडे पडते का, झोप येते का, यावरून आपला गट ओळखायचा खेळही खेळू नये. एकदा मनाने 'मला खरी मिळाली' असे ठरवले की आकडे आपोआप उतरू लागतात.

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेच्या चाचण्या वेगळ्या तऱ्हेच्या, एका दिवसात आटोपणाऱ्या. अक्कलदाढ काढल्यावर भूल उतरते, वेदना मध्यम किंवा तीव्र झाली की गोळी देतात आणि त्याच क्षणी दोन स्टॉपवॉच सुरू करतात. आराम जेमतेम जाणवू लागला की पहिले थांबवायचे. 'आता खरेच बरे वाटते' असे झाले की दुसरे. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी, मग तासातासाने आकडा घेतात. राखीव औषध केव्हाही मागता येते, पण शक्य असेल तर पहिला तासभर थांबा, अशी विनंती करतात, कारण तोंडावाटे घेतलेली गोळी लागू पडायला तेवढा अवधी लागतो. ही विनंती असते. तिला सक्तीचे रूप आले तर तक्रार नीती समितीकडे करावी.

सहभाग केव्हाही, कारण न देता सोडता येतो. मात्र गोळी थांबवणे आणि अभ्यास सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, वेदना ७ वरून ३ वर आली, पण उलट्या सहन होईनात म्हणून तिसऱ्या आठवड्यात रुग्ण घरी बसला. पूर्वी अशा वेळी शेवटचा आकडा, म्हणजे ३, बाराव्या आठवड्यापर्यंत ओढत नेण्याची रीत होती. जे औषध पोटात ठरत नाही ते त्यामुळे यशस्वी दिसे. ही रीत आता बरीच मागे पडली आहे. तरी खरा उपाय रुग्णाकडेच आहे: गोळी बंद, पण आकडे चालू. ते द्यायची इच्छा नसेल तर तेही नको म्हणता येते, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात काही कमी होता कामा नये. आपले उपचार करणारे डॉक्टरच संशोधक असतील तर नाही म्हणणे जड जाते, म्हणून अशा वेळी संमती दुसऱ्या जाणत्या व्यक्तीने घ्यावी असे हेलसिंकी जाहीरनाम्यात, म्हणजे माणसांवरील वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांत, म्हटले आहे. १९६४ च्या या जाहीरनाम्यात २०२४ च्या सुधारणेनंतर 'सब्जेक्ट' (ज्याच्यावर प्रयोग होतो तो) जाऊन 'पार्टिसिपंट' (सहभागी) आला. उंदरांचा दाखला देणाऱ्यांनी हा बदल जरूर ध्यानात घ्यावा.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न पुष्कळ आहेत, त्यातला एक फार कमी लोक विचारतात: आमच्या आधीच्यांना काय झाले? जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्सच्या रेन शहरात वेदना आणि इतर विकारांसाठी बनवल्या जात असलेल्या एका औषधाची पहिल्या टप्प्याची चाचणी निरोगी माणसांवर चालू होती. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटातील एकाला १० जानेवारीच्या संध्याकाळी रुग्णालयात हलवावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी गटातल्या बाकीच्यांना पुढचा डोस दिला गेला. तो पहिला माणूस दगावला. 'कुणाला गंभीर त्रास झाला तर आम्हाला पुढच्या डोसआधी कळवणार का, डोस कोण थांबवणार' याचे उत्तर नाव आणि फोनसह लेखी असावे. चाचणी सार्वजनिक नोंदणीत पहिला रुग्ण घेण्यापूर्वी नोंदवली आहे का आणि तिथे मुख्य मोजमाप कोणते लिहिले आहे, हे पाहावे. इजा झाली तर उपचार व भरपाई कोणाकडे, हेही पाहावे. संमतीपत्र घरी नेऊन वाचू देत नसतील तर तिथूनच परत फिरावे. वाचता येत नसेल तर ते वाचून दाखवताना संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा आणि त्याचीही सही हवी.

चाचणी सुखरूप पार पडली म्हणजे औषध निर्धोक, असेही मानू नये. दीर्घकालीन वेदनेच्या चाचण्या बहुधा १२ आठवड्यांच्या असतात. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेतले गेले, ते आतड्यातल्या गाठींवर चाललेल्या एका लांब चाचणीमुळे. हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाढीव धोका तिथे १८ महिन्यांनंतर दिसू लागला होता. १२ आठवड्यांत तो उमटला नसता. म्हणून चाचणी संपल्यावर किती महिने विचारपूस होणार, हे विचारावे, आणि नंतर उद्भवलेला त्रासही कळवावा. शेवटच्या भेटीत औषध कसे उतरवायचे, पुढे औषध मिळत राहणार की नाही आणि आपण कोणत्या गटात होतो हे केव्हा कळणार, एवढे लिहून घ्यावे. तोवर चाचणीचे नाव आणि २४ तास चालणारा फोन नंबर असलेले कार्ड पाकिटात ठेवावे. अपघात झाला आणि रुग्ण बेशुद्ध असला तर तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना गट उघड करून घेण्यासाठी तेवढा एकच धागा मिळतो. घरच्या एका माणसालाही ते कुठे आहे हे माहीत असावे.

आपले,
वेदनाविषयक संशोधनात काम करणारे काही वाचक